निरोप्याचे नाव, नोंदीची पावती



२०२५ च्या सप्टेंबरअखेर आम्ही जव्हार आणि मोखाडा या तालुक्यांत होतो. पालघर जिल्ह्यातला हा डोंगराळ मुलूख. कापसाचे बोंड तिथे दिसत नाही आणि ज्वारीचे कणीसही नाही. खाचरांत भात, उतारावर नागली आणि वरई, माळावर पिवळीधमक फुललेली खुरासणी. पाऊस अडीच-तीन हजार मिलिमीटर पडतो आणि उन्हाळा लागला की मोखाड्याच्या पाड्यांवर पिण्याच्या पाण्याचे टँकर फिरतात. दिवाळी झाली की घरांना कुलपे लावून माणसे भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर चालू लागतात. कोरडवाहू कापूस-ज्वारीवाल्यांसाठी छापलेल्या या पत्रकात त्या मुलखाची कहाणी कशाला, असे कोणी विचारील. आपल्या शिवारात जे अर्धेमुर्धे दिसते ते तिथे उघडेनागडे दिसले, म्हणून.

मोखाडा तालुक्यातल्या एका पाड्यावर संध्याकाळी पोचलो, तेव्हा बारावी झालेला एक पोरगा सात फोन पिशवीत घालून टेकडी चढत होता. फोन शेजाऱ्यांचे. ई-पीक पाहणीचे फोटो ज्याच्या त्याच्या खाचरात उभे राहून काढलेले होते. पण ते वर चढवायला नेटवर्क लागते आणि नेटवर्क टेकडीवरच्या एका मोहाच्या झाडाखालीच मिळते. आम्ही त्याच्याबरोबर वर गेलो. सातांपैकी चारांचे काम झाले. एकाचा ओटीपी आला तो वेळ संपल्यावर, एकाची बॅटरी संपली, आणि एकाच्या खात्याला जोडलेला नंबर मजुरीला गेलेल्या भावाच्या फोनात. पोरगा म्हणाला, उद्या परत येईन.

उद्या नाही जमले तर? त्या तिघांचा पेरा सातबारावर चढणार नाही. भात खाचरात उभे आहे, साऱ्या पाड्याला दिसते आहे, पण सरकारला दिसणार नाही. महामंडळाच्या केंद्रावर भात घालायचे तर ऑनलाइन नोंदणी लागते आणि त्या नोंदणीला सातबारावरचा पेरा. राहिलेल्या खातेदारांसाठी गावोगाव सहायक नेमलेले असतात हे खरे. पण सहायकाच्या फोनलाही तेच मोहाचे झाड गाठावे लागते.

त्याच आठवड्यात यवतमाळ, जळगाव, परभणीकडून आमचा फोन खणखणत होता. सीसीआयला हमीभावाने कापूस द्यायचा तर 'कपास किसान' अ‍ॅपवर आधी नाव नोंदवा, असा हुकूम २०२५-२६ च्या हंगामासाठी निघाला होता. लांब धाग्याला ८,११० रुपये आणि मध्यम धाग्याला ७,७१० रुपये क्विंटल हा भाव कागदावर होता. तो हातात पडायला आधार, सातबारा, त्यावर कापसाचा पेरा आणि अ‍ॅपवरची नोंद, एवढ्या पायऱ्या होत्या. मोखाड्याच्या पोराला टेकडी होती, आपल्याकडच्यांना तालुक्याच्या गावची झेरॉक्सची दुकाने होती. रांग तीच.

इंटरनेटने माहिती गावात आणली, असे गेली तीस वर्षे आपण ऐकतो आहोत. १५ ऑगस्ट १९९५ रोजी आपल्या देशात इंटरनेट सर्वसामान्यांसाठी खुले झाले. तेव्हापासून प्रत्येक सरकारने शेतकऱ्याला सांगितले की आता जगाचा बाजार तुझ्या मुठीत. आम्ही तंत्रज्ञानाचे विरोधक नाही. बियाण्याचे असो की संगणकाचे, नवे तंत्र शेतकऱ्याच्या हाती मोकळेपणाने यावे हीच आमची मागणी राहिली आहे. म्हणूनच ते आल्यावर नेमके काय झाले याचा हिशेब मांडणे आमच्यावर बंधनकारक आहे.

कापूसवाल्याला हा प्रश्न नवा नाही. १८७० साली खामगावची शाखा लाइन सुरू झाली ती आपल्या वऱ्हाडातला कापूस मुंबईच्या धक्क्यावर नेण्यासाठी. त्याच वर्षी समुद्राच्या तळातून टाकलेल्या तारेने मुंबई विलायतेला जोडली गेली. लिव्हरपूलचा भाव मुंबईच्या अडत्याला त्याच दिवशी कळू लागला, खामगावच्या दलालाला तारेने कळू लागला, आणि गाडी जुंपून आलेल्या शेतकऱ्याला दलाल सांगेल तो भाव कळत राहिला. नंतर आकाशवाणीचे बाजारभाव आले, दुपारच्या एसटीने येणारे वर्तमानपत्र आले. आज न्यूयॉर्कचा वायदा बांधावर बसून दिसतो. दीडशे वर्षांत बातमीचे अंतर संपले. मग भावातले अंतर का संपले नाही?

यावर अभ्यास झालेले आहेत. उत्तर केरळात १९९७ नंतर मोबाइल आले तेव्हा मासेमाऱ्यांना समुद्रातूनच कोणत्या बंदरात गिऱ्हाईक आहे ते कळू लागले. मासळी फेकून देणे जवळजवळ थांबले, मच्छीमाराचा नफा वाढला आणि खाणाऱ्याला मासळी स्वस्त मिळाली. मध्य प्रदेशात २००० नंतर एका मोठ्या कंपनीने सोयाबीनसाठी गावागावांत इंटरनेटची केंद्रे उघडली आणि बाजार समितीबाहेर स्वतः खरेदी सुरू केली. तिथे भाव थोडा, पण मोजता येईल इतका वाढला. आपल्या महाराष्ट्रात मात्र १०० गावांत शेतकऱ्यांच्या फोनवर भाव आणि हवामानाचे मराठी संदेश पाठवून तपासणी झाली. २०१२ साली तिचा निष्कर्ष छापून आला. संदेश मिळालेल्याला न मिळालेल्यापेक्षा जास्त भाव पडला असे काही दिसले नाही.

या तिन्हींत विसंगती नाही. होडी वळवता येते, म्हणून मासेमाऱ्याला बातमीचा पैसा झाला. सोयाबीनवाल्याला दुसरा खरेदीदार दारात मिळाला, म्हणून झाला. जव्हारकडे आता मोगऱ्याची लागवड बरीच आहे आणि फुले दादरच्या बाजारात जातात. तिथल्या शेतकऱ्यांशी बोललो तर ते म्हणतात की फोनने फायदा झाला. सकाळी दादरचा भाव पडला असेल तर त्या दिवशी किती कळी तोडायची, गाडीत किती भरायची हे ठरवता येते. पण खेडा खरेदीवाल्याच्या काट्यासमोर उधारीत अडकलेला कापूसवाला फोनवर कोणताही भाव बघो, त्याची होडी वळत नाही. १८ ऑगस्ट २०२५ ला कापसावरील ११ टक्के आयात शुल्क माफ झाल्याचे आपल्याला काही मिनिटांत कळले. २८ ऑगस्टला ती माफी ३१ डिसेंबरपर्यंत वाढवल्याचेही कळले. वेचणी तोंडावर आली होती. कळून करायचे काय होते? ज्वारीचेही तसेच. मालदांडीचा २०२५-२६ चा ३,७४९ रुपये हमीभाव फोनवर लगेच दिसला. खरेदी केंद्र कुठे आहे ते शोधून दाखवा.

एवढ्यावर थांबलो तर हे पत्रक नेहमीच्या भावाच्या प्रश्नावर येऊन संपेल. तो प्रश्न मूळचा आहेच. पण मोखाड्याच्या टेकडीवर आम्हाला त्यातली आणखी एक गोष्ट कळली. वेग वाढला हा बदल त्या मानाने लहान आहे. मोठा बदल हा की निरोप आणणारा आणि नोंद घेणारा, दोघेही दिसेनासे झाले.

आधी निरोप्याबद्दल. जव्हारच्या शेजारचीच १९४५ सालची गोष्ट आहे. गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध उठाव केला होता. लाल बावट्याशी आमचे मतभेद जगजाहीर आहेत, पण त्या लढ्याचे मोल मानायला ते आड येत नाहीत. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाड्याला गोदावरीबाईंची सभा आहे, असा खोटा निरोप जमीनदारांच्या बाजूने पाड्यापाड्यांवर फिरवला गेला. दुसरीकडे पोलिसांना कळवले गेले की वारली चालून येत आहेत. माणसे जमली, गोळीबार झाला, जेठ्या गांगड आणि आणखी चार वारली मारले गेले. निरोप खोटा होता आणि तो चालला, कारण त्यावर विश्वासाचे नाव चिकटवले होते. पण पुढे तो कोणी पेरला हे शोधता आले, सांगता आले, पुस्तकात लिहिता आले. तोंडी निरोपालाही एक तोंड असते.

आता त्याच जिल्ह्यातली १६ एप्रिल २०२० ची रात्र. टाळेबंदी होती, रस्ते बंद होते. मुले पळवणारी, चोऱ्या करणारी टोळी फिरते आहे अशा अफवा कित्येक दिवस पाड्यांवर आणि फोनांवर फिरत होत्या. गडचिंचले येथे जमावाने दोन साधू आणि त्यांचा गाडीचालक अशा तिघांना ठार केले. त्यानंतर त्या घटनेची चित्रफीत देशभर फिरली आणि तिला धर्माचा रंग चढवणारे मजकूर जोडले गेले. ते खोडून काढायला राज्याच्या गृहमंत्र्यांना अटक केलेल्या १०१ जणांची यादी जाहीर करावी लागली. त्याआधी १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात अशाच अफवेने भिक्षुकीसाठी आलेल्या, मंगळवेढ्याकडच्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांचा बळी घेतला. ज्यांनी हात उगारले त्यांच्यावर खटले झाले. पहिला मजकूर लिहिणाऱ्याचे काय? तो एकच नव्हता, आणि पुढे ढकलणाऱ्या शेकडो जणांपैकी प्रत्येकाला वाटले की आपण फक्त पुढे ढकलतो आहोत.

आपल्या वावरात याचे रूप एवढे भीषण नसते, पण रोजचे असते. ऑगस्ट आला की फोनवर 'आज ही फवारणी करा' सुरू होते. औषधाचे नाव असते, फोटो असतो, सांगणाऱ्याचे गाव नसते. गुलाबी बोंडअळीची फवारणी कधी करायची हे फोन ठरवू शकत नाही. ते तुमच्या वावरातला कामगंध सापळा ठरवतो. हेक्टरी पाच सापळे लावा. सापळ्यात सलग तीन रात्री सरासरी आठ पतंग सापडले, तर औषधाचा विचार करायचा. पलीकडच्या गावात बारा सापडले असतील, तुमच्याकडे तीन. शेतीची पदवी घेऊन आम्ही जे शिकलो त्यातले निम्मे एवढेच आहे की माहिती वावराची असते, जिल्ह्याची नसते. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. दोन-तीन औषधे एकत्र करून मारा, हा सल्ला तेव्हाही भरपूर मिळत होता. देणारा एकही पुढे आला नाही.

आम्ही स्वतःलाही यातून वगळत नाही. सीसीआयच्या नोंदणीची मुदत सुरुवातीला ३० सप्टेंबर होती, पुढे ती वाढली. वाढल्यावरही 'मुदत संपली' हा जुना मजकूर आमच्याच एका तालुक्याच्या गटावर चार दिवस फिरत राहिला. खाली तारीख नव्हती, पाठवणाऱ्याचे नाव नव्हते, आणि कार्यकर्त्यांनी तो तपासला नाही. दोन शेतकऱ्यांनी तो वाचून आशा सोडली आणि पहिल्या वेचणीचा कापूस हमीभावाच्या बऱ्याच खाली खेडा खरेदीत घातला. त्यातला एक जण बैठकीला आला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "भाऊ, व्यापाऱ्यानं लुटलं असतं तर मी भांडलो असतो. तुम्ही सांगितलं म्हणून गप बसलो." आमच्याकडे उत्तर नव्हते.

आता नोंद घेणाऱ्याबद्दल. तलाठी सोन्याचा होता असे कोणी म्हणू नये. चावडीत बसून, गेल्या वर्षीचे बघून पेरा लिहिणारे तलाठी आम्ही पाहिले आहेत. कापसाच्या जागी तूर लिहून ठेवलेली आम्हीच भांडून दुरुस्त करून घेतली आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी राज्यभर आली आणि शेतकऱ्याने स्वतःचा पेरा स्वतः लिहायचा असे ठरले, तेव्हा आम्ही तिचे स्वागतच केले होते. तत्त्व चांगले होते. पण हळूच एक अदलाबदल झाली. आधी नोंद नसेल तर ती तलाठ्याची चूक होती. आता नोंद नसेल तर ती शेतकऱ्याची चूक आहे. २०२५ च्या खरिपापूर्वी पीकविम्यात गारपीट झाली, वावरात पाणी साचले की ७२ तासांत कळवावे लागे. अ‍ॅपवर कळवा, टोल फ्री नंबरवर कळवा. गारपिटीने तारा तुटल्या, वीज गेली, टॉवर बंद पडला, तरी घड्याळ चालूच. रेशनच्या मशीनवर अंगठा उमटला नाही तर दोष अंगठ्याचा. मातीत आणि दगडात काम करून रेषा झिजल्या, हा त्या हाताचा गुन्हा.

जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीचे नाव तुमच्यापैकी वयस्करांना आठवत असेल. १९९२ च्या सुमारास तिथे कुपोषणाने शंभराहून अधिक बालके दगावल्याच्या बातम्या छापून आल्या आणि सरकारला तिकडे धावावे लागले. त्याआधीही मुले मरत होती. पत्रकार चालत गेले, त्यांनी बघितले आणि आपल्या वर्तमानपत्राच्या नावाखाली छापले, म्हणून जाब विचारता आला. आज त्याच डोंगरातून दररोज शेकडो नोंदी वर जातात. अंगणवाडीची नोंद, रोजगार हमीची हजेरी, रेशनचा अंगठा, भाताचा पेरा. इतकी माहिती त्या मुलखाने कधीच दिली नव्हती. आणि एखादी नोंद हरवली तर कोणाला विचारायचे, हे पाड्यावर एकालाही सांगता आले नाही. तलाठी म्हणतो सर्व्हर बंद आहे, तहसील म्हणते वरून आहे. वर म्हणजे कुठे?

याउलटचे एक उदाहरण आपल्याच राज्यात आहे, फक्त ते उसाचे आहे. १९९८ साली वारणानगरला साखर कारखान्याच्या परिसरातील ७० गावांत संगणक बसवण्याचा मोठा प्रकल्प झाला. जगाची माहिती शेतकऱ्याला मिळेल, अशी भाषा तेव्हाही होती. काही वर्षांनी पाहणाऱ्यांना दिसले की शेतकरी त्या संगणकांवर मुख्यतः एकच गोष्ट बघतात: आपला ऊस किती वजन भरला आणि तोडणीची चिठ्ठी निघाली का. पुढे सात गावांत तेच काम साध्या मोबाइल संदेशाने करून बघितले आणि ते नीट चालले. पुष्कळ जाणकारांना यात प्रकल्पाचे अपयश दिसले. आम्हाला त्यात शेतकऱ्याचे शहाणपण दिसते. माझ्या उसाचे वजन, माझ्या कारखान्याने सांगितलेले, चुकले तर ज्याच्या कार्यालयात जाऊन टेबलावर हात आपटता येईल अशाने सांगितलेले. त्या माहितीला धनी होता.

तेव्हा या जिल्हा बैठकीसमोर आम्ही ज्या मागण्या ठेवत आहोत त्या मोठ्या नाहीत. ई-पीक पाहणी असो, विम्याची सूचना असो, खरेदीची नोंदणी असो, नेटवर्क नसल्यास ग्रामपंचायतीत कागदी अर्ज घेतला पाहिजे आणि तारीख, वेळ, सही-शिक्क्याची पावती दिली पाहिजे. त्या पावतीची तारीख हीच नोंदीची तारीख धरली पाहिजे. टॉवर बंद असेल ते दिवस मुदतीत मोजू नयेत. कृषी खात्याच्या किंवा सीसीआयच्या नावाने जो मजकूर फोनवर येईल त्यावर अधिकाऱ्याचे नाव, पद आणि तारीख असावी, आणि तोच कागद ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागावा. इंडियातल्या बँका पैसे भरल्याची पावती देतात. भारतातल्या शेतकऱ्याने पीक भरल्याची पावती मागितली तर ती चैन समजू नये.

आमच्या बाजूने आम्ही एक नियम आजपासून लावत आहोत. चळवळीच्या कोणत्याही गटावर नाव, गाव आणि तारीख नसलेला मजकूर टाकायचा नाही. मुदती, भाव आणि औषधे याबाबतचा मजकूर तालुकाप्रमुखाने मूळ कागद बघितल्याशिवाय पुढे जाणार नाही. त्यामुळे निरोप अर्धा दिवस उशिरा पोचेल. तो उशीर आम्हाला मान्य आहे. चुकलो तर त्याच गटावर त्याच नावाने दुरुस्ती टाकायची, आणि ज्यांचे नुकसान झाले त्यांच्या घरी जायचे. वर सांगितलेल्या दोघांच्या घरी आम्ही जाऊन आलो आहोत.

बैठकीला येताना प्रत्येक गावाने एक कागद आणावा. २०२५ च्या खरिपात आपल्या गावात किती खातेदारांचा पेरा चढला नाही, त्यात नेटवर्कमुळे किती, फोन नसल्यामुळे किती, नंबर जुळला नाही म्हणून किती. आधीच्या हंगामांत विम्याची सूचना देता न आलेल्यांची नावे वेगळी लिहावीत. बायांच्या नावावर सातबारा आहे पण फोन नवऱ्याच्या किंवा पोराच्या हातात आहे, अशी खाती स्वतंत्र दाखवावीत. ती संख्या वाटते त्यापेक्षा मोठी निघेल असा आमचा अंदाज आहे. जव्हार-मोखाड्याचे काही जण असाच कागद घेऊन येणार आहेत. भात आणि कापूस एकाच तक्त्यात मांडायचे आहेत.

मोखाड्याच्या त्या पोराने दुसऱ्या दिवशी राहिलेल्या तीनपैकी दोन नोंदी चढल्याचे कळवले. तिसऱ्या खात्याचा ओटीपी ज्याच्या फोनवर जातो तो भाऊ नाशिककडे द्राक्षाच्या छाटणीला गेला आहे आणि तो संध्याकाळी सातनंतरच फोन उचलतो.